कुंदावहिनींचं मत

कुंदावहिनी कुठल्याही गोष्टीला नुसतं चांगलं म्हणत नसत. चांगल्याच्या मागे एक 'पण' लावल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं व्हायचं नाही. लग्न होऊन मी रत्नागिरीत नाचणे गावाच्या बाजूला राहायला आले तेव्हा त्या शेजारी होत्याच; मधे कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. माझी लेक सहा महिन्यांची असताना एका दुपारी त्या तिला बघायला आल्या. मांडीवर घेतलं, इकडून तिकडून निरखलं आणि म्हणाल्या, "पोर गोड आहे हो, पण नाक बापाचं घेतलंन." त्या गेल्यावर मी नवऱ्याशी भांडले. नाक त्याचंच होतं ना!

दुसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला. वहिनी मुठीत मीठमोहऱ्या घेऊनच आल्या. आदल्या दिवशी आणखी कोण येऊन गेलं ते त्यांनी खोदून खोदून विचारलं. माझी एक मैत्रीण येऊन गेली होती आणि 'अगदी बाहुली आहे गं' असं म्हणाली होती. वहिनींनी लगेच निकाल दिला, की ती नुसतं गोड बोलून गेली, त्याचाच हा ताप. आपण नाकाला नावं ठेवून गेलो म्हणून एवढ्यावर निभावलं. "बाळाच्या गालाला तीट लावतात की नाही? तशी मी बोलण्याला लावते," असं त्यांनी मला समजावलं. मी शाळेत गणित शिकवते. या युक्तिवादापुढे मी हात टेकले.

वहिनींचा नवरा लवकर गेला. मागे आंब्याची दहाबारा कलमं आणि शाळेत जाणारा मंदार. वहिनी आंबापोळी, फणसपोळी, कोकमाचं आगळ करून विकायच्या आणि त्यावर घर चालायचं. त्यांच्यासारखी आंबापोळी अख्ख्या आळीत कुणाला साधत नव्हती. पण पुण्याकडचं गिऱ्हाईक दारात आलं की त्या सांगायच्या, "झाल्ये बरी, पण यंदा ऊन हवं तसं मिळालं नाही हो." पाहुणे पाकीट खाली ठेवून निघून जायचे. गावातली माणसं मात्र हेच ऐकून दोन पाकिटं जास्त न्यायची, कारण इथे सगळ्यांची बोलायची तऱ्हा थोडीफार तीच. आमच्याकडे एखाद्याने 'वाईट नाही' म्हटलं तर समजावं, माणूस भलताच खूश आहे.

हे सगळं ठीक होतं. पण ज्याला रोज त्या 'पण'खाली वाढायचं होतं त्या पोराचं काय? मंदार दहावीला शाळेत पहिला आला तर वहिनी म्हणाल्या, गणितात गेलेच की थोडे. कॉलेजात त्याने एकांकिका बसवली आणि ढाल मिळवली. प्रयोगाला वहिनी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसल्या. घरी येऊन म्हणाल्या, "केलंस बरं, पण आवाज मागेपर्यंत येत नव्हता." शेवटच्या रांगेत का बसल्या, ते मी नंतर विचारलं. तेव्हा हळूच म्हणाल्या, "आईची नजर सगळ्यात वाईट गो सुमन. परक्याची उतरवता येते, आईची नाही उतरत." पुढे पुढे मंदारने त्याची चेष्टाच करून टाकली. काहीही दाखवायला आला की आईने तोंड उघडायच्या आत स्वतःच विचारायचा, "पण?" वहिनी हसायच्या. तोही हसायचा, पण माझ्याकडे येऊन एकदा म्हणाला होता, काकू, एकदा तरी ती मधेच थांबायला हवी.

मंदार मुंबईला गेला. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबला आणि शेवटी स्वतःचा सिनेमा केला. हलकाफुलका, कॉलेजातला. संगमेश्वराकडच्या खेड्यातली एक मुलगी मुंबईच्या कॉलेजात जाते. दोन वेण्या, डोक्याला चपचपीत तेल, जाड चष्मा आणि बारमाही छत्री. होस्टेलच्या मुली चंग बांधतात की गॅदरिंगच्या आत हिचा कायापालट करायचा, आणि मग जो गोंधळ होतो तो सगळा सिनेमा. जगाला शिकवायचं वगैरे काही नाही, दोन घटका हसायचं. माघात आमच्या थिएटरला लागला. पहिल्या शुक्रवारी वहिनींनी अख्खी आळी गोळा करून पाठवली. स्वतः मात्र आत आल्या नाहीत. थिएटरच्या पायरीवर बसून राहिल्या. "मी नाही बघायची. माझी लागली म्हणजे?" असं म्हणून त्यांनी पदर ओढून घेतला आणि विषय संपवला.

मला सिनेमा आवडला. बाहेर आल्यावर वहिनींनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, छान आहे, मध्यंतरानंतरचं एक गाणं काढलं असतं तर आणखी बरं झालं असतं. वहिनींचा चेहरा खुलला. माझ्याही बोलण्याला इतक्या वर्षांत तीट लागली होती.

रविवारी सकाळी मंदार एसटीतून उतरला आणि घरात येऊन मागच्या खोलीत जो शिरला तो शिरलाच. तिकडे मुंबईत सिनेमा पडला होता. नुसता पडला असता तर एक वेळ चाललं असतं हो, पण फोनवर लोक जे लिहीत होते ते मी वाचलं आणि माझंच डोकं फिरलं. तो दार लावून दिवसभर तेच वाचत बसायचा. वहिनी दाराबाहेर ताट घेऊन बसल्या की आतून त्यांना वाचून दाखवायचा, अगदी शांत आवाजात. "ऐक आई. 'दोन तास फुकट गेले.' हे ऐक. 'एसी चांगला होता, झोप झाली.' 'दिग्दर्शकाने आधी स्वतःचा कायापालट करून घ्यावा.' या माणसाचं नाव बघ, हा माझ्याबरोबर काम करायचा." ओरडला असता, रडला असता, तर वहिनी निभावून गेल्या असत्या. त्या आवाजाने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

सोमवारी सकाळी त्या माझ्या घरी एक जड पिशवी घेऊन आल्या. आत कलमांवर फवारायची औषधं होती, मोहोर धरलेला होता त्यामुळे पडवीत ठेवलेली. "हे तुझ्याकडे कुलपात ठेव," म्हणाल्या, "का ते विचारू नको." मी पिशवी कपाटात टाकून कुलूप लावलं. मंदार आंघोळीला गेला तेव्हा त्यांनी पेचकसाने त्याच्या खोलीची आतली कडी काढून टाकली होती, तेही मला त्या दिवशीच कळलं. मी ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ताबडतोब घेऊन या. पण तो उठायला तयार नव्हता, आणि तेवढा वाढलेला मुलगा उचलून कसा न्यायचा? मला वहिनींकडे बघवत नव्हतं. रात्र रात्र त्या त्याच्या दाराशी चटई टाकून पडत होत्या.

मग त्यांच्या डोक्यात एक आलं. मुंबईची माणसं वाईट लिहितात ना, मग आपल्या गावची मतं आणायची. त्या भर उन्हात थिएटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. खेळ सुटला की एकेकाला अडवायचं, सिनेमा कसा वाटला विचारायचं आणि ते बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं. ज्या बाईला साधा फोटो काढता येत नव्हता ती हे एका दिवसात शिकली. शाळा सुटल्यावर मीही जायचे. घरी आल्यावर त्या मंदारच्या दाराशी स्टूल घेऊन बसायच्या आणि सगळं त्याला ऐकवायच्या.

आणि काय ऐकवायच्या? एक रिक्षावाला मनापासून हसला होता, पोट धरधरून. तो म्हणाला, "मजा आली, पण गाणी मोठी झाली." मिरकरवाड्याच्या रझियाभाभी पोरांना घेऊन आल्या होत्या. पोरं खूश झाली, पण शेवट आधीच कळला, म्हणाल्या. कॉलेजच्या दोन मुली तर दुसऱ्यांदा बघायला आलेल्या. त्यांचं म्हणणं, हिरॉईन एकदम भारी, पण चष्मा काढल्यावर तिला दिसतं कसं? रत्नागिरीच्या माणसाने यापेक्षा जास्त कौतुक करायचं म्हणजे त्याला ताप आलेला असायला हवा. वहिनींना वाटलं, आपण पोरासाठी पसाभर सोनं आणलं. 'पण'च्या पुढचं कापून टाकता येईल, असं मी सुचवलं तर त्या माझ्यावरच उखडल्या. एवढं चांगलं बोलणं उघडंवागडं त्याच्यापुढे टाकायचं? आधीच कुणाची तरी लागल्ये, त्यात आणखी भर?

मंदारने दोन दिवस ऐकून घेतलं. तो इथलाच मुलगा, त्याला आमची बोलायची रीत माहीत नव्हती असं नाही. पण माणूस एकदा खचला की त्याच्या कानात एवढंच शिरतं, गाणी मोठी, शेवट कळला, दिसतं कसं. बुधवारी तो आतून म्हणाला, "आई, पुरे कर. माझ्या गावालाही नाही आवडला."

वहिनी स्टुलावरून उठल्या. चपला घातल्या आणि परत थिएटरवर गेल्या. या वेळी त्या लोकांना हात जोडत होत्या, की फक्त चांगलं बोला, पुढचं काही बोलू नका, माझ्या मुलासाठी बोला. माणसं अवघडली. कुणी मान खाली घालून सटकलं. जे थांबले ते शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत उभे असल्यासारखे बोलले. "चित्रपट अतिशय सुंदर आहे. सर्वांनी अवश्य पाहावा." संध्याकाळी मंदारने ते ऐकलं आणि हसला. असं हसणं मी कुणाचं ऐकलेलं नाही आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. "शिकवून आणलंस ना त्यांना?" एवढंच त्याने विचारलं. नंतर फोनसुद्धा वाचेनासा झाला. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

गुरुवारी सिनेमा उतरायचा होता. मी मधल्या सुट्टीत घरी आले तेव्हा वहिनी अंगणात उभ्या होत्या. आंघोळीचं पाणी तापत घालायला त्या मागे गेल्या तेवढ्यात मंदार खोलीतून नाहीसा झाला होता. फोन गादीवरच पडलेला. "तू विहिरीत बघ," त्या म्हणाल्या, "मला वाकवत नाही." मी वाकून बघितलं. आयुष्यात मी पुष्कळ अवघड गोष्टी केल्या असतील, तेवढी अवघड नाही केली. पाणी स्वच्छ होतं.

रिक्षा करून आम्ही भाट्याच्या पुलावर गेलो, तिथून मांडवीच्या जेटीवर. वहिनी प्रत्येक उभ्या माणसाकडे बघत होत्या. देवाचं नाव घेत नव्हत्या, नुसतं 'मंदार, मंदार' पुटपुटत होत्या. रिक्षावाल्याने न सांगता वेग वाढवला. परत गावात शिरताना थिएटरवरून गेलो तर दारावरच्या माणसाने हात करून रिक्षा थांबवली. आठवडाभर पायरीवर बघून तो वहिनींना ओळखायला लागला होता. "तुमचा मुलगा आत बसलाय," म्हणाला, "तिकीट काढून."

माझा जीव भांड्यात पडला. पण वहिनी दारापाशी थबकल्या. आत सिनेमा चालू होता. अख्खा आठवडा त्या ज्याच्यापासून नजर चुकवत होत्या ते दारावरच्या पडद्यापलीकडेच होतं. मी म्हटलं, तुम्ही थांबा, मी त्याला बाहेर आणते. त्यांनी मला हाताने बाजूला केलं. "काय लागायची ती लागू दे," म्हणाल्या आणि आत गेल्या.

हॉलमध्ये मोजकी माणसं, इकडे तिकडे पांगलेली. मंदार मधोमध एकटा. तो पडद्याकडे बघतच नव्हता, लोकांच्या पाठींकडे बघत होता. वहिनी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, मी त्यांच्या पलीकडे. पडद्यावर ती मुलगी पार्लरमध्ये पडली होती. पार्लरवाली तिच्या डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवते आणि पाठ वळवते. मुलगी हळूच एक चकती उचलते, खाते, आणि मीठ मागते. वहिनी हसल्या. हसल्या म्हणजे काय, ठसका लागेपर्यंत हसल्या. पुढे बसलेल्या कुणीतरी वळून बघितलं आणि तोही हसायला लागला. मंदारने पहिल्यांदा मान वळवली. त्यानंतर तो आईच्या तोंडाकडेच बघत होता. बाईने सिनेमा असा बघितला की आपण कुठे आणि कशाला आलो तेच विसरली. कायापालट होऊन मुलगी आरशासमोर आली तेव्हा तर मोठ्याने म्हणाल्या, "अगो, आधी चांगली होतीस की!"

गाणं सुरू झालं. मला खालच्या आवाजातलं सगळं ऐकू येत होतं.

"चांगला केलायस," वहिनी म्हणाल्या.

सवयीने मंदारच्या तोंडून गेलं, "पण?"

"पण काही नाही." त्यांनी त्याचं मनगट धरलं होतं. "चांगला केलायस. मला आवडला."

त्याने पुढच्या खुर्चीच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि तो गदगदून रडायला लागला. मी उठून मागच्या रांगेत जाऊन बसले. तिथे बसून मीही रडले, लाजायचं काय त्यात.

त्या संध्याकाळी तो पेज प्यायला. शनिवारी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आला. औषधं, बोलणं, सगळं रीतसर सुरू झालं, आणि आंबे संपता संपता तो मुंबईला परतला. मालिका लिहायचं काम मिळालं. सिनेमाचं नाव काढत नव्हता, पण उभा राहिला होता. मला वाटलं, सुटलो.

सुटल्या नव्हत्या त्या वहिनी. "बोलून गेले गो सुमन," गडग्यापाशी येऊन त्या रोज म्हणायच्या. "नुसतं, उघडंवागडं बोलून गेले. आता काय होईल?" रोज त्याला फोन, जेवलास का, रस्ता बघून ओलांडलास का. त्याच्या शर्टाला, आवाजाला, केसांना त्या फोनवरून नावं ठेवायच्या, ढीगभर. मी त्यांना एकदा म्हटलं, मग सिनेमालाही ठेवा की एखादं नाव, म्हणजे फिटलं. त्या म्हणाल्या, तेवढं एक नाही. ते परत घेतलं तर पोर पुन्हा खोलीत जाईल. मग दुसरं काहीतरी सांगितलं, जे ऐकून मी चिडले. देवापुढे बसून त्या सांगून आल्या होत्या, की आईची लागायचीच असेल तर ती फिरून आईलाच लागू दे. मी म्हटलं, वहिनी, हे कुठल्या गणितात बसतं? "तुझं गणित तुझ्या शाळेत," त्या म्हणाल्या.

गणपती गेले आणि वहिनींना दम लागायला लागला. गडग्यापर्यंत चालवेना. इस्पितळात तपासण्या झाल्या. लहानपणीच्या तापाने हृदयाची झडप केव्हाच बिघडलेली होती, आता हृदय थकलं होतं आणि शस्त्रक्रिया झेपण्याजोगी राहिली नव्हती. मी त्यांच्या उशाशी बसून कागदावर आकृती काढली, झडप कशी असते, किती वर्षांपूर्वी बिघडली असेल, सिनेमाचा आणि तिचा काडीचा संबंध कसा नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "डॉक्टर हुशार आहे हो, पण पोरगेला आहे," म्हणाल्या. मग माझा हात दाबून म्हणाल्या, "माझ्यावर आली. बरं झालं." आणि चेहरा असा, की घरचं मोठं कार्य निर्विघ्न पार पडलंय.

मंदार आला. मी त्याला हे सांगणार नव्हते, पण वहिनींनीच आनंदाने सांगून टाकलं. आधी तो त्यांची समजूत घालत होता, आई, असं काही नसतं, डॉक्टरांशी बोललोय मी. वहिनी माना डोलवत होत्या. दुपार झाली, त्यांचा श्वास वर वर चालायला लागला, आणि त्या पोराचा धीर सुटला. शिकलेला मुलगा, या कशावर त्याचा विश्वास नाही. तो खाटेपाशी गुडघ्यांवर बसला आणि त्यांचा हात गालाला लावून म्हणाला, "आई, ते परत घे. वाईट होता म्हण माझा सिनेमा. एकदा म्हण."

वहिनींनी मान हलवली.

"कंटाळवाणा होता म्हण. मला काही होणार नाही, मी खरंच सांगतो. म्हण ना, आई."

माझाही असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनातल्या मनात हात जोडत होते, वहिनी, म्हणा. आयुष्यभर सगळ्या जगाला नावं ठेवलीत, आज एवढं एक ठेवा.

त्यांनी डोळे उघडून त्याच्याकडे नीट बघितलं. "चांगला होता," त्या म्हणाल्या.

नर्स येऊन बाहेर जायला सांगेपर्यंत तो 'वाईट होता म्हण' असं म्हणतच होता. सकाळी आम्हाला पुन्हा आत सोडलं तेव्हा वहिनींची शुद्ध गेलेली होती, आणि दुपारच्या आत त्या गेल्या.